एकहाती धंदा आणि विखुरलेला कामगार

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मुंबईच्या गिरणगावात एके काळी संघटकाला कामगार शोधत हिंडावे लागत नसे. पाळी सुटण्याची वेळ ठाऊक असली आणि गिरणीच्या दरवाजासमोर उभे राहण्यापुरती जागा असली की द्वारसभा होत असे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले ते अशाच दरवाजांतून. परंतु त्या संपाच्या काळात व त्यानंतर कापडाचे उत्पादन थांबले नाही. ते भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळले, शेकडो लहान शेडमध्ये वाटले गेले. काम राहिले, दरवाजा मात्र नाहीसा झाला.

आज अशाच दुसऱ्या एका विखुरण्याचा विचार करावयाचा आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि संगणकावर काम करणारे लक्षावधी कर्मचारी कचेरीतून घरी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व तत्सम सेवा कंपन्यांवरील निर्बंध सैल करून घरून अथवा कोठूनही काम करून घेण्याची वाट कायमची मोकळी केली. अकोल्याच्या वा साताऱ्याच्या घरात बसलेला कर्मचारी बंगळुरूच्या किंवा परदेशातील कंपनीचे काम करतो, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या दूरस्थ कामगाराच्या शेजारीच आणखी एक मनुष्य उभा राहिला आहे. त्याला मालक नाही आणि नोकरही नाहीत. तो इंटरनेटवर एकट्याने धंदा चालवतो, आणि पुष्कळदा त्याचे गिऱ्हाईक म्हणजे हेच दूरस्थ कामगार असतात.

हा मनुष्य कोण? तो छोटा भांडवलदार, स्वतंत्र कारागीर, की वेशांतर केलेला कामगार? हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. त्याच्या हातात युनियनचे सभासदपत्र द्यावयाचे की त्याला दुकानदार समजून पुढे जावयाचे, हे या उत्तरावर अवलंबून आहे.

एक नमुनेदार उदाहरण

या धंद्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नेदरलंडच्या पीटर लेव्हेल्स यांचे आहे. 2014 मध्ये बारा महिन्यांत बारा धंदे उभे करण्याचा संकल्प त्यांनी जाहीर केला. त्यातून ‘नोमॅड लिस्ट’ निघाली. लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरत काम करणाऱ्यांना कोणते शहर किती खर्चाचे आहे, तेथे इंटरनेटचा वेग किती, हवामान कसे, याची तुलना करून दाखवणारे हे स्थळ सभासदांकडून वर्गणी घेते. त्यानंतर त्यांनी ‘रिमोट ओके’ काढले. तेथे दूरस्थ नोकऱ्यांच्या जाहिराती असतात आणि पैसे जाहिरात देणाऱ्या कंपन्या भरतात.

धंद्याची रचना साधी आहे. कचेरी नाही, पगारी कर्मचाऱ्यांचा ताफा नाही, गुंतवणूकदारांचे भांडवल नाही. प्रणाली पीएचपी व एसक्यूलाइट या जुन्या, फुकट मिळणाऱ्या साधनांत लिहिलेली आहे. वर्गणीची वसुली, पत्रे पाठवणे, माहिती ताजी करणे ही कामे ठरलेल्या वेळी संगणक आपोआप करतो. खर्च अत्यल्प असल्याने उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक राहतो. लेव्हेल्स आपले उत्पन्न उघडपणे जाहीर करीत आले आहेत आणि ते वर्षाला लक्षावधी डॉलरच्या घरात गेले आहे. जगभरचे हजारो तरुण याच उदाहरणाकडे पाहून या वाटेला लागतात.

पण त्यांनीच प्रांजळपणे सांगितलेली दुसरी गोष्ट तितक्या उत्साहाने उद्धृत केली जात नाही. त्यांनी केलेल्या सत्तराहून अधिक प्रकल्पांपैकी पैसा मिळवून वाढले ते केवळ चार. जो या क्षेत्रातला सर्वांत यशस्वी मानला जातो त्याची ही कथा. एकामागून एक प्रकल्प बुडत असताना तग धरण्याइतकी शिल्लक ज्याच्या घरात नाही, त्याने या खेळात किती डाव मांडावेत?

एकट्याच्या मागे कोण उभे आहे

‘एकट्याने उभारलेला धंदा’ हे वर्णन हिशेबाच्या वहीपुरते खरे आहे. उत्पादनाच्या दृष्टीने ते खरे नाही.

नोमॅड लिस्टचा आरंभ कसा झाला, हे या बाबतीत बोलके आहे. 2014 मध्ये लेव्हेल्स यांनी शहरांच्या माहितीचा एक तक्ता इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला. तो कोणीही दुरुस्त करू शकत होता. पाहता पाहता अनोळखी लोकांनी त्यात आपापल्या शहरांची भाडी, खर्च व सोयी भरल्या. धंद्याचा पहिला माल अशा रीतीने शेकडो अनामिक हातांनी विनावेतन तयार केला.

साधनांचीही गोष्ट तीच. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता, अभ्यासता व बदलता येईल अशी संगणक प्रणाली निर्माण करणे हा त्याचा हेतू होता. 1991 मध्ये लिनक्स आले, 1995 मध्ये पीएचपी सर्वांसाठी खुली झाली, 2000 मध्ये एसक्यूलाइट आले आणि त्याच्या कर्त्यांनी त्यावरील मालकी हक्कच सोडून दिला. ही साधने जगभरच्या असंख्य लोकांनी लिहिली व सुधारली. आज एक मनुष्य खोलीत बसून जो धंदा चालवू शकतो, त्याच्यासाठी पूर्वी कारखान्याएवढी मंडळी लागली असती. तेवढ्या मंडळींचे श्रम या साधनांत आधीच साठवलेले आहेत.

तेव्हा एकहाती धंदा हे व्यक्तीच्या पराक्रमाचे जेवढे प्रमाण आहे, त्याहून अधिक ते श्रमाच्या सामाजिक स्वरूपाचे प्रमाण आहे. श्रम सर्वांचे झाले. त्याचे फळ खासगी राहिले. या विसंगतीकडे बोट दाखवताना त्या एकट्या माणसावर राग काढण्याचे कारण नाही. फळाचा मोठा वाटा त्याच्याकडेही जात नाही.

धारा कोणाच्या दारात पोचतो

ॲमेझॉनने 2006 मध्ये आपली संगणकशक्ती तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. दर तासाला दहा सेंट असा आरंभीचा दर होता. यंत्र विकत घेण्याची गरज उरली नाही, आणि एकट्या माणसाला धंदा शक्य झाला तो बऱ्याच अंशी यामुळे. परंतु त्याच क्षणी उत्पादनाचे मुख्य साधन त्याच्या मालकीचे न राहता भाड्याचे झाले.

गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावयाचे तर मध्ये वसुली करणारी कंपनी लागते. अमेरिकेत या व्यवहाराचा प्रचलित दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट असा राहिला आहे. शंभर डॉलरच्या विक्रीवर ही कपात 3 डॉलर 20 सेंट होते; पाच डॉलरच्या विक्रीवर ती जवळजवळ 45 सेंट, म्हणजे सुमारे 9 टक्के होते. विक्री जितकी लहान तितका वाटा मोठा. गरीब गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू विकणाऱ्यावर अधिक भार पडतो, हे येथे साध्या गणिताने दिसते.

मोबाईलवरील ॲप विकणाऱ्याकडून ॲपलने वर्षानुवर्षे 30 टक्के घेतले. दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यांसाठी हा दर 2021 पासून 15 टक्के करण्यात आला. सुटी कामे मिळवून देणाऱ्या अपवर्कने 2016 मध्ये एका गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के दलाली लावली, 2023 मध्ये सरसकट 10 टक्के केली आणि 2025 मध्ये 0 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान बदलणारा दर आणला. दर वाढला की कमी झाला, हा येथे मुद्दा नाही. तो प्रत्येक वेळी एकाच बाजूने ठरवला, हा मुद्दा आहे. काम करणाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची नव्हती.

इचलकरंजीच्या साथींना हे चित्र परके वाटणार नाही. तेथील ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक कागदोपत्री उद्योजक असतो. माग त्याचा, शेड त्याची, विजेचे बिल त्याच्या नावाचे. परंतु सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे आणि मजुरी ठरते ती पिकावर, पैशांच्या हिशेबात. मंदी आली की माग त्याचाच बंद पडतो. व्यापारी दुसरीकडे वळतो. मालकीचा मान त्याच्याकडे, जोखीम त्याच्याकडे, आणि बाजाराची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. इंटरनेटवरील एकहाती धंदेवाल्याची स्थिती बहुतांशी हीच आहे, किंबहुना एका बाबतीत अधिक नाजूक आहे. खर्चीवाल्याचा माग निदान रातोरात कोणी उचलून नेत नाही. एकहाती धंदेवाल्याचे खाते बंद झाले, शोधयंत्राच्या यादीत त्याचे नाव खाली घसरले, तर सकाळी उठल्यावर दुकान जागेवर नसते.

गिऱ्हाईक कोण

आता ज्यांची सेवा करून हा धंदा चालतो त्या दूरस्थ कामगारांकडे वळू. त्यांना एकच वर्ग समजणे चुकीचे होईल.

वरच्या थराचे चित्र पोर्तुगालमध्ये स्पष्ट दिसते. त्या देशाने ऑक्टोबर 2022 मध्ये परदेशी कंपन्यांसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना खास व्हिसा देण्यास सुरुवात केली. अट अशी की अर्जदाराचे उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट असावे. 2023 मध्ये तेथील किमान वेतन महिना 760 युरो होते. म्हणजे पाहुण्यासाठी किमान 3040 युरो. एकाच गल्लीत, एकाच घरासाठी हे दोघे भाडेकरू उभे राहिले तर घर कोणाला मिळेल हे सांगावयास नको. 1 एप्रिल 2023 रोजी लिस्बन व इतर शहरांत हजारो लोक परवडणाऱ्या घरांसाठी रस्त्यावर उतरले. जुलै 2025 मध्ये मेक्सिको सिटीच्या रोमा व कोंदेसा वस्त्यांत असाच असंतोष प्रकटला. घरटंचाईची कारणे अनेक आहेत. पर्यटकांना दिली जाणारी घरे आणि सट्टेबाजी ही त्यांत मोठी आहेत. तरीही ज्या यादीत शहर ‘स्वस्त’ म्हणून वर चढते, त्या शहरातील रहिवाशाला ते महाग होत जाते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. उत्तर गोव्यातील आसगाव, शिवोली या गावांत 2020 नंतर मुंबई-दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांमुळे भाड्याने घर शोधणाऱ्या स्थानिकांना याचा अनुभव आला आहे.

खालच्या थराचे चित्र वेगळे आहे. ॲमेझॉनने 2005 मध्ये ‘मेकॅनिकल टर्क’ हा सुट्या कामांचा बाजार उघडला. चित्रांना नावे देणे, पावत्या उतरवून घेणे अशी कणाकणाची कामे तेथे काही सेंटांत दिली जातात. अमेरिकेखालोखाल या बाजारात भारतीयांची संख्या मोठी होती. तेथील नियम असा की काम देणारा ते काम नापसंत ठरवून पैसे नाकारू शकतो, आणि नाकारलेले काम मात्र त्याच्याकडेच राहते.

सोलापूर, निपाणी, सिन्नरच्या विडी कामगार भगिनींना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. पाने व तंबाखू घरी न्यावयाची, विड्या वळून आणावयाच्या, कारखानदाराच्या माणसाने मूठभर विड्या नापास म्हणून बाजूला काढावयाच्या, त्यांची मजुरी द्यावयाची नाही आणि विड्याही परत द्यावयाच्या नाहीत. पान-तंबाखूच्या जागी पडदा आणि कळफलक आला. नापास करण्याचा अधिकार तोच राहिला.

दोन चुकीच्या भूमिका

या विषयावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. दोन्ही तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले मत असे की ही सगळी लॅपटॉपवाल्या सुखवस्तू मंडळींची गोष्ट; कामगार चळवळीचा तिच्याशी संबंध नाही. हे मत मांडणाऱ्यांनी विडी कामगारांचा इतिहास आठवावा. घरात बसून काम करणारी स्त्री ही कामगार नव्हेच, ती स्वतंत्र कंत्राटदार आहे, असे कारखानदार दीर्घकाळ म्हणत होते. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांना कामगार मानले, आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पुढे तो 2020 च्या संहितेत विलीन झाला. पण त्यातून एक तत्त्व सिद्ध झाले: कामाची जागा बदलल्याने कामाचे नाते बदलत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये घरकामगारांविषयीचा 177 क्रमांकाचा करार केला तो याच तत्त्वावर. 2025 अखेरपर्यंत भारताने त्याला मान्यता दिलेली नव्हती.

दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे. प्रत्येकाने स्वतःचा धंदा काढावा, कोणी कोणाचा नोकर राहणार नाही आणि शोषण आपोआप संपेल, असे ते सांगते. या मताचे आकर्षण समजण्यासारखे आहे. साहेबाच्या लहरीपासून सुटका, स्वतःच्या वेळेवर अधिकार, स्वतःच्या हातचे काम पुरे होताना पाहण्याचा आनंद, या खऱ्या मानवी गरजा आहेत आणि त्यांची थट्टा करू नये. परंतु वर पाहिलेला हिशेब या मताच्या आड येतो. भाड्याचे यंत्र, दलालीची वाट आणि दुसऱ्याच्या हाती असलेली यादी यांवर उभा राहिलेला धंदा साहेबाला दूर नेतो, नाहीसा करीत नाही. साहेबाशी निदान भांडता येत असे. आता दंड होतो तो यंत्राने पाठवलेल्या पत्रातून, आणि त्या पत्राला उत्तर पाठवण्याचा पत्ता नसतो.

तीच साधने, वेगळा उपयोग

मग करावयाचे काय? येथे एकहाती धंद्याच्या काटकसरीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

2008 मध्ये लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या दोघा संशोधकांनी ‘टर्कॉप्टिकॉन’ नावाचे साधन तयार केले. मेकॅनिकल टर्कवर काम देणारा मनुष्य कसा आहे, हे तेथे कामगारांनी नोंदवावयाचे. तो पैसे वेळेवर देतो का, विनाकारण काम नाकारतो का, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो का, हे काम स्वीकारण्यापूर्वीच दुसऱ्या कामगाराला त्याच पडद्यावर दिसू लागले. मोठे भांडवल नाही, मोठी कचेरी नाही. धंदेवाला ज्या स्वस्त साधनांनी वर्गणी गोळा करतो त्याच जातीच्या साधनांनी येथे अनुभव गोळा झाला. एकमेकांना कधीही न भेटलेल्या कामगारांची ती एक प्रकारची द्वारसभाच होती.

जर्मनीत आयजी मेटल या धातुकामगारांच्या बलाढ्य युनियनने 2016 मध्ये एकट्याने स्वतंत्र काम करणाऱ्यांनाही आपले सभासदत्व खुले केले, आणि इंटरनेटवरील कामाच्या बाजारांतील दर व अटी तपासून प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले. लोखंड ओतणाऱ्यांच्या संघटनेला पडद्यासमोर एकट्या बसलेल्या माणसात आपला सहकारी दिसला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्नाटकात 2017 मध्ये माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची युनियन नोंदली गेली, आणि 2024 मध्ये कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत वाढवण्याच्या प्रस्तावाला तिने जाहीर विरोध केला. संगणकावर काम करणारा कर्मचारी संघटित होत नाही, हा समज अशा रीतीने खोटा ठरला आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता, 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. तिच्यात गिग व प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द प्रथमच केंद्रीय कायद्यात आले. काम जुळवून देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक नाही, इतका वाटा निधीत भरावयाचा आहे. ही तरतूद कल्याणनिधीची आहे. दर कोण ठरवणार, खाते बंद केल्यास दाद कोठे मागावयाची, नाकारलेल्या कामाचे पैसे कोण देणार, या प्रश्नांना निधी हे उत्तर होऊ शकत नाही. तसेच नोकरीतील दूरस्थ कामगाराला कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा अधिकार फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून मिळाला. पोर्तुगालने 1 जानेवारी 2022 पासून वेळेबाहेर संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले आणि घरून काम करताना वाढणारा खर्चही त्याच्यावर टाकला. आपल्याकडे लोकसभेत 2018 च्या अखेरीस सुप्रिया सुळे यांनी अशा अधिकाराचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

या पार्श्वभूमीवर स्थानिक पातळीवर तीन कामे हाती घेता येण्यासारखी आहेत. पहिले, आपल्या शहरात वा तालुक्यात घरून संगणकावर काम करणाऱ्यांची आणि एकहाती धंदा करणाऱ्यांची ओळख करून घेणे. त्यांतला कोण नोकर, कोण सुटे काम करणारा आणि कोण स्वतः इतरांना राबवणारा, हे तपासल्याशिवाय ठोकळेबाज निष्कर्ष काढू नये. दुसरे, दर, दलाली व बुडालेले पैसे यांची सामाईक नोंदवही ठेवणे. ती ठेवण्यासाठी एक स्वस्त सर्व्हर व एक जाणकार साथी पुरेसा आहे. मात्र नोंद करणाऱ्याचे नाव गुप्त राहील याची काळजी प्रथम घेतली पाहिजे. तिसरे, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. वाचनालय, समाजमंदिर, युनियनची कचेरी, कोणतीही जागा चालेल. कारण या कामगाराची पहिली तक्रार पुष्कळदा पैशाची नसते. दिवसभरात कोणा जिवंत माणसाशी बोलणे झाले नाही, ही असते.

केरळात सरकारी मालकीचे ‘के-फोन’ जाळे जून 2023 मध्ये सुरू झाले. वीस लाख गरीब कुटुंबांना इंटरनेट फुकट पोचवणे हे त्याचे जाहीर उद्दिष्ट. रस्ता व पाणी यांप्रमाणेच ही तारही सार्वजनिक मालकीची असू शकते, हे त्याने दाखवले. जे तारेबाबत शक्य आहे ते काम जुळवून देणाऱ्या बाजाराबाबत, पैशाच्या वसुलीबाबत का शक्य नसावे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. सूतगिरण्या सहकारात उभारलेल्या या महाराष्ट्रात तो प्रश्न अनोळखी वाटू नये.

साथींनो, आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. एकहाती धंदेवाल्यांतला एखाद-दुसरा भांडवलदार होईल, आणि त्या दिवशी त्याचा विचार वेगळा करावा लागेल. उरलेले बहुसंख्य स्वतःच्या लॅपटॉपचे मालक आणि दुसऱ्याच्या बाजाराचे मजूर आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या, म्हणजे दूरस्थ कामगारांच्या, अडचणींचे मूळ एकच आहे. दोघांनाही एकेकटे गाठले जाते. गिरणीचा दरवाजा मालकाने बांधला होता आणि कामगारांनी त्याची सभा केली. या कामगारांसाठी मालक दरवाजा बांधणार नाही. तो कामगारांनाच बांधावा लागेल.